डोंगर, पाणी आणि आपले दप्तर

मुंबईच्या उत्तरेस कान्हेरीचा डोंगर चढून जाणाऱ्या माणसाची दृष्टी प्रथम चैत्यगृहाच्या दाराशी उभ्या असलेल्या भव्य बुद्धमूर्तींकडे जाते आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु त्या मूर्तींपुढे स्वस्थपणे उभे राहून झाल्यावर ज्याला त्या कारागिरांचे संपूर्ण सामर्थ्य पाहावयाचे असेल, त्याने आपल्या पायांपाशी पाहावे. शंभराहून अधिक लेण्यांच्या या वसाहतीत जागोजाग, विहाराच्या अंगणाच्या कडेला, पायऱ्यांच्या बगलेत, कातळात चौकोनी तोंड कोरलेले आढळते आणि त्याच्या आत पाण्याचे टाके असते. वरच्या उतारावर, जिकडे पाहुण्यांची वर्दळ सहसा पोहोचत नाही, छिन्नीने काढलेल्या अरुंद पन्हळी आहेत. आषाढात कातळावरून धावणारे पाणी वळवून, त्याचा वेग मोडून, ते टाक्यापर्यंत आणण्यासाठी त्या काढलेल्या आहेत, आणि कातळाचा नैसर्गिक कल व पाण्याची सहज गती या दोहोंचा अभ्यास झाल्यावाचून अशी एकही पन्हळ काढता येत नाही. तेथील ब्राह्मी लेखांत विहाराबरोबर पाण्याचे टाकेही दान दिल्याच्या नोंदी आहेत. कल्याणच्या व्यापाऱ्याने लेण्यासाठी द्रव्य द्यावे आणि त्याच लेखात टाक्याचाही उल्लेख व्हावा, यात त्या काळच्या माणसाला दोन निराळ्या खात्यांचा मामला दिसला नाही. मूर्ती आणि टाके एकाच कातळात, एकाच दानात, बहुधा एकाच हातांनी घडले.

आज आपण डोंगराकडे आणि पाण्याकडे ज्या रीतीने पाहतो ती रीत बदलली पाहिजे, आणि ती बदलण्याचे काम एकट्या शास्त्रज्ञाच्याने किंवा एकट्या कलावंताच्याने होणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. या मताच्या पुष्ट्यर्थ मी परदेशातील दाखले देत नाही. सह्याद्री आपल्या उशाशी आहे आणि तो पुरेसा आहे.

वेरूळच्या कैलास लेण्याची रचना सर्वांना ऐकून माहीत असते. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी हे मंदिर डोंगराच्या माथ्यापासून खाली खोदत आणले गेले. म्हणजे शिखर आधी घडले आणि जोते शेवटी. इमारतीत चुकलेला दगड काढून दुसरा बसविता येतो. येथे ती सोय नव्हती. कोणत्या थराला छिन्नी कशी लागेल, कोठे भेग आहे, कोठे दगड भुसभुशीत आहे, याचे ज्ञान हातात मुरलेले असल्यावाचून हे साहस संभवत नाही. अशा त्या मंदिराच्या दक्षिण अंगाला कैलास पर्वत हलवू पाहणारा रावण कोरलेला आहे: वीस हातांनी पर्वताचा पाया धरून तो जोर करतो आहे, वर पार्वती भयभीत होऊन शंकराकडे झुकली आहे आणि शंकर पायाच्या अंगठ्याचा किंचित भार देऊन पर्वत स्थिर करतो आहे. उत्तरेच्या बाजूला, अंगणाच्या कडेच्या खडकात, गंगा, यमुना आणि सरस्वती यांचे छोटे देवालय आहे. मगर, कासव आणि कमळ यांवर त्या तिघी उभ्या आहेत. पर्वताचा कंप एका बाजूला आणि नद्यांचे अधिष्ठान दुसऱ्या बाजूला, मध्ये साक्षात पर्वतरूप मंदिर. या योजनेत पर्वत आणि पाणी यांचा संबंध जितक्या गांभीर्याने मांडला आहे तितक्या गांभीर्याने तो आमच्या एखाद्या विकास आराखड्यात मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

ही दृष्टी केवळ धर्मशिल्पात होती असेही नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरण हे राज्यकारभाराचे लेखन आहे, त्यात काव्याचा हेतू नाही. आणि त्यात किल्ला बांधण्यापूर्वी गडावरील उदक पाहावे, ते नसून जागा अगत्याची असेल तर खडक फोडून टाकी बांधावीत, एकाच झऱ्यावर विसंबून राहू नये, कारण युद्धप्रसंगी तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात, असा उपदेश आहे. झरा हा खडकातील भेगांवर जगतो आणि खडकाला धक्का बसला तर तो हलतो, हे निरीक्षण त्यात आहे. राज्यकर्त्याच्या दप्तरात हे वाक्य येते याचा अर्थ असा, की ज्याला डोंगराचा ताबा घ्यावयाचा त्याने डोंगरातील पाणी आधी जाणले पाहिजे, हा त्या काळचा शिरस्ता होता.

आता शास्त्र या विषयी काय सांगते ते पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून शिलारसाचे प्रचंड प्रवाह बाहेर पडले आणि एकावर एक थर रचले जाऊन आपले दख्खनचे पठार झाले. महाराष्ट्राच्या भूमीपैकी सुमारे चार पंचमांश भाग या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. एखाद्या घाटरस्त्याच्या कापलेल्या भिंतीपाशी पावसाळा संपल्यावर, आश्विनाच्या सुमारास, थोडा वेळ उभे राहिले तर या रचनेचा इतिहास डोळ्यांनी वाचता येतो. वर घट्ट, उभ्या भेगांचा काळाभोर थर असतो. त्याच्या खाली जांभळट, सच्छिद्र थर लागतो, ज्यात एके काळी वायूचे बुडबुडे होते आणि आता त्या पोकळ्यांतून पांढरे स्फटिक चमकतात. दोन प्रवाहांच्या दरम्यान कधी कधी वीतभर जाडीची तांबडी, मातकट रेघ आडवी गेलेली असते. एक प्रवाह निवल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला त्यात खडक झिजून, आणि वरून आलेल्या दुसऱ्या प्रवाहाच्या आचेने भाजून, ती झालेली आहे. वरून मुरलेले पाणी भेगांतून उतरत येते, या तांबड्या थराशी किंवा घट्ट पाषाणाशी अडते, मग आडवे वाहू लागते आणि डोंगराच्या कुशीत जेथे तो थर उघडा पडतो तेथे बाहेर येते. त्या रेघेवर नेचे उगवलेले असतात, भिंत ओली असते, आणि खाली थेंबथेंब पाणी साचलेले असते. हाच झरा. याच्या जोरावर वाड्या वसल्या, देवळे उभी राहिली आणि नद्यांनी उगम घेतले.

या रचनेतून एक गोष्ट निष्पन्न होते आणि तिचे महत्त्व आपल्या कारभारात अजून कोणी ओळखलेले दिसत नाही. झरा ज्या पावसावर जगतो तो पाऊस झऱ्याच्या ठिकाणी पडतोच असे नाही. तो वरच्या सड्यावर, कदाचित दुसऱ्या गावच्या शिवारात, पलीकडच्या तालुक्याच्या हद्दीतही पडत असेल. सड्यावर कोणी खाण काढली, विश्रामधामासाठी कातळ सपाट केला, तर खालच्या वाडीचा झरा आटतो आणि वाडीला त्याचे कारण कळत नाही. महसुली दप्तरात हा कातळ, हा ओढा, हा तीव्र उतार, बहुतांशी पोटखराबा म्हणून लागलेला असतो, कारण त्यावर पीक येत नाही आणि आकारणी होत नाही. वन खाते झाडे मोजते, जलसंपदा खाते धरणे मोजते, भूजल सर्वेक्षणाची यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी घेते, पुरातत्त्व खाते लेण्यांची देखरेख करते. पण डोंगर आणि त्याच्या अंतर्यामीचे पाणी यांचा एकत्र विचार करणे हे कोणाच्याही कर्तव्यसूचीत येत नाही.

या दुर्लक्षाची किंमत माणसांनी दिली आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली; नित्याची एस. टी. घेऊन आलेल्या चालकाला जेथे गाव असावयाचे तेथे चिखल दिसला, तेव्हा जगाला ती वार्ता कळली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या पायथ्याशी असलेली ठाकरांची इरशाळवाडी गाडली गेली. सत्तावीस मृतदेह सापडले आणि सत्तावन्न माणसे बेपत्ता म्हणून नोंदवून शोध थांबविण्यात आला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या शासकीय यादीत नव्हती, हे शासनानेच विधिमंडळात सांगितले. उतारावरील मातीत पाणी भरून राहते, खालचा पाषाण ते पुढे जाऊ देत नाही, मातीच्या कणांमधील पाण्याचा दाब वाढत जातो आणि एका क्षणी मातीचा पाषाणाशी असलेला बंध सुटतो. म्हणजे जे पाणी झऱ्याच्या रूपाने वाडीला जगविते तेच अतिवृष्टीत तिच्यावर कोसळते. अशा वेळी पुष्कळदा पूर्वचिन्हे दिसतात: नितळ झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ येते, कोरड्या जागी नवा पाझर फुटतो, जमिनीला भेग पडते, झाडे कलतात, घराची दारे चौकटीत अडकू लागतात. उपग्रहाच्या चित्रात यांतील बरीचशी दिसत नाहीत. ती वाडीतील माणसाला दिसतात, आणि त्यांचा अर्थ त्याला कोणी सांगितलेला नसतो, किंवा त्याने सांगितलेले लिहून घेण्यास कोणी जात नाही.

डोंगर आणि पाणी यांचा संबंध शास्त्रालाही नव्याने शिकावा लागतो, याची साक्ष कोयना देते. शिवाजीसागर जलाशय भरू लागल्यानंतर त्या परिसरात भूकंपाचे धक्के जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. पावणेदोनशेहून अधिक माणसे त्यात गेली. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने निर्धास्त आहे, ही तोवरची प्रस्थापित समजूत त्या पहाटे कोसळली. साठविलेल्या पाण्याचा भार आणि खडकाच्या भेगांत शिरून तेथील घर्षण कमी करणारा त्याचा दाब यांमुळे आधीच ताणाखाली असलेली भूमी सरकू शकते, या प्रतिपादनाचे कोयना हे आज जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण आहे, आणि त्याचाच पाठपुरावा करण्यासाठी त्या प्रदेशात सुमारे तीन किलोमीटर खोल विंधनछिद्र घेण्यात आले. आपली समजूत चुकली हे मान्य करून पुन्हा जमिनीशी जाऊन विचारणे, हा शास्त्राचा सर्वांत आदरणीय गुण होय. तो गुण आपल्या कारभारातही यावा अशी माझी कळकळ आहे.

कलेकडे मात्र आपण फार कृपण दृष्टीने पाहतो. वारल्यांची चित्रे आज मुंबईच्या भिंतींवर, कार्यालयांच्या दालनांत आणि पेल्यांवर छापलेली दिसतात. तांदळाच्या पिठाने रंगविलेल्या त्या मूळ चित्रांत डोंगर, नदी, पाऊस, भात, वाघ आणि माणूस यांच्यात लहानमोठेपणाचा भेद फारसा नसतो आणि रिकामी राहिलेली जागाही निर्जीव वाटत नाही. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि ती योग्यच होती. परंतु ज्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत या लोकांची वस्ती आहे तेथे पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही चैत्र-वैशाखात बाया हंडे घेऊन दरीत उतरतात, आणि शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईची तहान भागविणारी धरणे असताना तेथील पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. चित्र घ्यावयाचे आणि पाणीही घ्यावयाचे, पण चित्रात जे सांगितले आहे ते ऐकावयाचे नाही, हा अन्याय आहे. मुंबईकर वाचकाने आपल्या नळाच्या दुसऱ्या टोकाला कोणता डोंगर आहे आणि त्या डोंगरावर कोण राहते, एवढे तरी माहीत करून घेणे हे त्याचे कर्तव्य आहे.

मुळशी आणि मावळ तालुक्यांतील खेड्यांत हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम सुरू केले आणि पुढे महाराष्ट्राच्या इतर भागांतून मिळून हा संग्रह एक लाखाहून मोठा झाला. हा तोच मुळशी मुलूख, जेथे १९२१ मध्ये धरणात जाणाऱ्या जमिनींसाठी सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. या ओव्या म्हणजे जलमापनाची नोंद नव्हे, हे मी जाणतो. तथापि भूजलशास्त्रज्ञ जेव्हा एखाद्या वाडीत जाऊन विचारतो, की हा झरा पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे आणि केव्हापासून तो लवकर आटू लागला, तेव्हा त्याला उत्तर देऊ शकेल असे एकच दप्तर बहुधा शिल्लक असते आणि ते पाणी भरणाऱ्या बायकांच्या स्मरणात असते. लग्न होऊन या गावी आले तेव्हा शिमग्यालाही ओढ्याला पाणी होते. थोरल्या मुलाच्या वेळी डोहात धुणे होत असे. अशा खुणांनी त्या स्मरणातील कालगणना बांधलेली असते. ज्या बाईने तीस-चाळीस वर्षे एकाच पाणवठ्यावर हंडा भरला तिच्याइतका त्या झऱ्याचा दीर्घ निरीक्षक कोणत्याही संस्थेपाशी नाही. जाती गेली, पहाटेचे गाणे गेले, तशी ही स्मृती बाळगण्याची रीतही जात आहे, आणि तिच्या जागी आपण काही ठेवलेले नाही.

येथे कोणी म्हणेल, की डोंगराला देव मानण्याची आपली परंपरा आहेच, तिचे पुनरुज्जीवन केले म्हणजे झाले. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात देवरायांचा जो अभ्यास केला त्याने या परंपरेचे मोल शास्त्रीय भाषेत प्रथम नीट मांडले: जेथे काटकीही उचलावयाची नाही असा निर्बंध शतकानुशतके पाळला गेला तेथे दुर्मिळ वृक्ष आणि वेली टिकल्या, आणि कित्येक राईंच्या पोटी बारमाही पाणीही राहिले. पण श्रद्धा आपोआप रक्षण करीत नाही. राईतील लहानसे कौलारू देऊळ पाडून त्या जागी सिमेंटचे मंदिर आणि सभामंडप उभारण्यासाठी त्याच देवाची झाडे तोडली गेल्याची उदाहरणे कोकणात आणि घाटमाथ्यावर आहेत. महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांच्या उगमांना भाविक हात जोडतात, आणि ज्या पठारातून ते पाणी येते त्याच्यावर बांधकामांचा भार वाढत जातो. निर्बंधाचे कारण समजून ज्या गावाने तो पाळला तेथे राई राहिली. हे कारण समजावून देण्याचे काम शास्त्राचे, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या मनात वागविण्याचे काम कलेचे, असे मला वाटते.

शास्त्र एकटे पडले म्हणजे काय होते, याचेही उदाहरण आपल्या समोर आहे. पश्चिम घाटासाठी गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली २०१० मध्ये तज्ज्ञ समिती नेमली गेली आणि तिने २०११ मध्ये अहवाल सादर केला. तो माहितीच्या अधिकाराखाली भांडण झाल्यावर २०१२ मध्ये लोकांपुढे आला. त्यातील निर्णय ग्रामसभांशी विचारविनिमय करून व्हावेत असे अहवालात स्पष्ट असताना, ग्रामसभांपर्यंत तो त्यांच्या भाषेत नीट पोहोचला नाही, आणि पोहोचली ती भीती: शेती बंद होणार, घर बांधता येणार नाही. त्याच २०१२ साली कासच्या पठारासह पश्चिम घाटातील एकोणचाळीस स्थळे जागतिक वारशाच्या यादीत गेली. कासच्या कातळावर पावसाळ्यात पाण्याचा जो बोटभर थर राहतो त्यात सीतेची आसवे नावाची जांभळी फुले येतात. ही नाजूक वनस्पती त्या पाण्यातील सूक्ष्म जीव पकडून जगते, कारण कातळावर तिला पुरेसे अन्न मिळत नाही. या फुलांचे छायाचित्र घेण्यासाठी गर्दी लोटली. ते बोटभर पाणी कोठे मुरते आणि पुढे कोणाच्या उपयोगी पडते, हे त्या गर्दीस सांगणारा मनुष्य मात्र विरळा.

म्हणून माझी सूचना अशी, की सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या प्रत्येक डोंगरी ग्रामपंचायतीत झऱ्यांचे आणि उतारांचे एक दप्तर असावे. जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला आणि त्यान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. म्हणजे अशा दप्तराला कायद्याची पूर्वपीठिका नाही असे म्हणता येत नाही, जरी त्यांतील पुष्कळ नोंदवह्या मुदत साधण्यासाठी घाईने भरल्या गेल्या असल्या तरी. या दप्तरात गावचा प्रत्येक झरा, त्याचे पाणी, ते कोणत्या थरातून येते, त्याचा पाणलोट कोणत्या सड्यावर आहे, आणि उतारावर कोठे भेग वा नवा पाझर दिसला, हे भूजल यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाने गावकऱ्यांसह प्रत्यक्ष फिरून लिहावे. त्याच दप्तरात पाणी भरणाऱ्या बायांची साक्ष त्यांच्या शब्दांत उतरून घ्यावी. नकाशा काढताना कचेरीतील आरेखकाबरोबर गावातील चित्रकार बसावा. वारली पाड्यात तर तो शोधावाही लागणार नाही. शाळेतील मुलांनी दर पंधरवड्याला झऱ्याखाली घागर धरून ती किती वेळात भरते ते लिहावे. याला घड्याळापलीकडे कोणतेही उपकरण लागत नाही.

आपल्याकडे १ मे आणि २ ऑक्टोबर या दोन्ही दिवशी ग्रामसभा भरते. पहिला दिवस पाण्याच्या टंचाईच्या ऐन काळात येतो आणि दुसरा पावसाळा सरता सरता. म्हणजे झरा सर्वांत क्षीण आणि सर्वांत समृद्ध असताना गाव एकत्र बसतेच. त्या दोन सभांत हे दप्तर वाचले जावे, आणि डोंगर कापण्याची, खाण काढण्याची वा सड्यावर बांधकाम करण्याची परवानगी मागणाऱ्या प्रत्येक अर्जासोबत, जमिनीच्या सातबाऱ्याप्रमाणेच, या दप्तराचा उतारा जोडणे जिल्हाधिकाऱ्यांनी बंधनकारक करावे. पाणलोट दुसऱ्या गावच्या हद्दीत असेल तर त्या गावचाही उतारा लागावा.

याला पैसा कोठून आणावा आणि माणसे कोठून आणावीत, असा आक्षेप येईल. राज्याच्या भूजल यंत्रणेला पन्नास वर्षांचा अनुभव आहे, विद्यापीठांतून भूशास्त्र शिकलेली मुले काम शोधीत आहेत, कलामहाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना खेड्यांत जाण्याची इच्छा असते आणि कारण नसते. एका माळीणच्या पुनर्वसनावर झालेल्या खर्चापुढे हा खर्च मोठा ठरणार नाही, आणि ठरला तरी तो केला पाहिजे. परंतु शासनाच्या आदेशाची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. ज्यांचे मूळ गाव डोंगरात आहे असे लाखो वाचक पुण्या-मुंबईत आहेत. त्यांनी येत्या १ मे रोजी आपल्या गावच्या ग्रामसभेला हजर राहावे, एक कोरी वही बरोबर न्यावी, आणि गावातील सर्वांत वृद्ध बाईला आपल्या झऱ्याविषयी विचारून पहिली नोंद त्याच दिवशी करावी.